पाण्यात वजनगट नसतो

लोणी भापकरच्या मल्लिकार्जुन मंदिराजवळची पुष्करणी बघायला लांबून माणसं येतात. त्याच बारामती-इंदापूर पट्ट्यातली पोरं मात्र पोहायला शिकतात ती विहिरीत, नाहीतर कालव्यात. पाठीला डबा बांधायचा आणि थोरल्यानं ढकलून द्यायचं. तिथं कुणी कुणाचं वजन विचारत नाही. यातलीच एखादी मुलगी शहरातल्या तलावावर स्पर्धेचा सराव करू लागली, की अंगाला चिकटलेला पोशाख, काठावरच्या नजरा आणि वजनकाटा या तिन्हींशी तिची एकदम गाठ पडते.

कुस्तीत वजनाचा निदान नियम तरी आहे. 2024 साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट अंतिम लढतीच्या सकाळी 50 किलो गटात 100 ग्रॅम जास्त भरली आणि अपात्र ठरली. जलतरणात असा गटच नाही. निकाल घड्याळ लावतं. 2018च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या वीरधवल खाडेनं 50 मीटर फ्रीस्टाइलच्या प्राथमिक फेरीत 22.43 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला, आणि अंतिम फेरीत त्याचं कांस्यपदक 0.01 सेकंदानं हुकलं. इतक्या बारीक फरकाच्या खेळात ‘दोन किलो उतरव, वेळ सुधारेल’ हा सल्ला चटकन पटतो.

घात इथंच होतो. सकाळ-संध्याकाळ तासन्‌तास पोहणाऱ्या मुलीनं जेवण तोडलं, की चरबीबरोबर स्नायूही झडतात. शरीर मग काटकसर करू लागतं: पाळी थांबते, हाडं ठिसूळ होतात, सर्दी-ताप पाठ सोडत नाही, आणि शेवटी वेळही मंदावते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं 2014 मध्ये या अवस्थेला स्वतंत्र नाव दिलं आणि ती मुलग्यांनाही गाठते, हे स्पष्ट केलं. पोहणाऱ्यांना धोका जरा जास्तच. धावण्या-उड्या मारण्यानं हाडांना जो ताण मिळून ती बळकट होतात, तो पाण्यात मिळत नाही.

ऑलिंपिकची सात पदकं मिळवणाऱ्या अमेरिकेच्या अमांडा बिअर्डनं 2012च्या आत्मकथनात, खाल्लेलं ओकून टाकण्याच्या आपल्या आजाराबद्दल मोकळेपणानं लिहिलं. पदकं गळ्यात असूनही आरशातलं शरीर तिला नकोसं वाटे.

समुद्रात तर हिशेबच उलटा. 1994 मध्ये रुपाली रेपाळेनं शाळकरी वयात इंग्लिश खाडी पार केली. तिथलं पाणी उन्हाळ्यातही पंधरा-अठरा अंशांचं असतं. अशा पाण्यात उतरण्याआधी अनेक जलतरणपटू मुद्दाम वजन वाढवतात, कारण थंडीपासून चरबीच राखते.

तलावावरच्या मुलींची पाळी मात्र सराव कडक आहे म्हणून चुकते, असं सांगून अनेक घरांत तो विषय सोडून दिला जातो. तीन महिने पाळी आली नाही, तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. सरावाहून थेट शाळेत जाणाऱ्या मुलीच्या डब्यात भाकरी, उसळ, अंडं, दूध हवं. आणि सगळ्यांसमोर काट्यावर उभं करून आकडा मोठ्यानं वाचणं प्रशिक्षकांनी आजच बंद करावं.