बातमीदार आणि श्रीमंताची लेक

मुंबईत हार्बर मार्गाच्या गाडीने निघालात, की चेंबूरच्या पुढचे स्टेशन गोवंडी. तिथून शीव-ट्रॉम्बे रस्त्याला लागले, की थोड्याच अंतरावर राज कपूर यांच्या आर. के. स्टुडिओचे फाटक लागायचे. २०१७ साली त्या स्टुडिओला मोठी आग लागली आणि २०१९ साली ती जागाही विकली गेली. स्टुडिओ गेला, पण राज कपूर यांनी १९५६ साली ‘चोरी चोरी’ या चित्रपटात घेतलेले बातमीदाराचे सोंग लोकांच्या ध्यानात आहे. हा चित्रपट त्यांच्या स्वतःच्या संस्थेचा नव्हे. दिग्दर्शक होते अनंत ठाकूर. आज त्या बातमीदाराविषयीच चार शब्द बोलू.

गोष्ट साधी आहे. एका गडगंज माणसाची लाडकी लेक लग्नाच्या हट्टापायी घर सोडून पळते. ही भूमिका नर्गिस यांची. बाप तिला शोधून देणाऱ्यास मोठे बक्षीस लावतो. वाटेत तिला एक कफल्लक बातमीदार भेटतो. तिला हवी सोबत, त्याला हवी बातमी. झाला सौदा!

हे कथानक मूळचे अमेरिकेतले. फ्रँक काप्रा यांच्या १९३४ सालच्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’ या बोलपटावरून ते घेतले आहे. क्लार्क गेबल त्यात बातमीदार, तर क्लॉडेट कोल्बेर धनिकाची कन्या. उत्तम चित्रपट, दिग्दर्शक, नट, नटी आणि पटकथा अशी पाचही मोठी ऑस्कर पारितोषिके एकट्याने पटकावणारा तो पहिला चित्रपट.

आता तुम्ही म्हणाल, नायक बातमीदारच का? शिक्षक किंवा शेतकरी का नको? त्याला कारण आहे. बातमीदाराला कुठेही शिरता येते. तो पोलिसासारखा माग काढतो, पण अंगावर वर्दी नाही. खिसा रिकामा, जीभ मात्र तेज. आणि श्रीमंताची लेक? तिच्याजवळ सगळे आहे, फक्त जगाचा अनुभव नाही. अशी दोघे एकाच बसच्या बाकावर बसली, की हसू आपोआप फुटते. घरची श्रीमंती बसमध्ये चालत नाही. तिथे सगळ्यांना सारखेच धक्के.

बक्षीस आले, की त्यामागे लोभ येतो आणि गमतीत गुन्ह्याचा रंग मिसळतो. अमेरिकन चित्रपटात एक सहप्रवासी मुलीला ओळखतो आणि बक्षिसात वाटा मागतो. बातमीदार त्याला थाप मारतो, की आपण गुंडांच्या टोळीतले असून या मुलीला पळवून नेत आहोत. तोंड उघडलेस तर तुझ्या पोराबाळांची खैर नाही. तो गडी असा धूम ठोकतो, की मागे वळून पाहत नाही!

हसून झाले, की खरा प्रश्न पुढे येतो. मुलीची सारी हकिकत बातमीदाराच्या हाती आहे. ती छापली तर पैसा, बापाला कळवली तर दहा हजार डॉलर. तो काय करतो? शेवटी बापापुढे उभा राहून तो मागतो फक्त प्रवासखर्च, ३९ डॉलर ६० सेंट. बक्षिसाला हात लावत नाही. बापाला माणसाची पारख तिथेच होते. त्या छोट्या आकड्यात सगळा चित्रपट सामावला आहे.

आपल्याकडे १९५८ साली राज खोसला यांनी ‘सोलवा साल’ काढला. त्यातही बातमीदार आहे, देव आनंद. वहिदा रेहमान यांची नायिका घरातला मौल्यवान दागिना घेऊन प्रियकराबरोबर निघते आणि तो पठ्ठ्या दागिना घेऊन पसार होतो. उजाडायच्या आत, वडील उठायच्या आत, चोर शोधून दागिना परत आणायचा. मुंबईची एकच रात्र! लोकलगाडीतले हेमंतकुमार यांचे गाणे याच चित्रपटातले. संगीत सचिनदेव बर्मन यांचे. इथे एक गोष्ट स्पष्ट दिसते. चोराची चोरी ही बातमी आहे. फसलेल्या मुलीची चूक ही बातमी नव्हे.

मंडळी, पूर्वी बातमीदार एखादाच असे. आज खिशात मोबाइल असलेला प्रत्येकजण बातमीदार झाला आहे. गावातली मुलगी घरातून निघून गेली, की ती एस. टी. स्टँडवर पोचायच्या आत तिचा फोटो चार गावांत फिरतो. मुलगी दोन दिवसांत परत येते. फोटो परत येत नाही. शाळेत बसायला तिला तोंड उरत नाही. कायद्यानेही इथे हात धरला आहे. बाल न्याय कायदा, २०१५ याच्या कलम ७४ प्रमाणे, गुन्ह्यात सापडलेल्या, गुन्ह्याला बळी पडलेल्या किंवा संरक्षणाची गरज असलेल्या अठरा वर्षांखालील मुलाची ओळख जाहीर करता येत नाही. मूल हरवले किंवा संकटात असले, तर पोलिसांना कळवावे किंवा १०९८ हा क्रमांक फिरवावा. कळवायचे ते मदत करू शकणाऱ्याला, चावडीवर नव्हे.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. वरच्या वर्गाला ही गोष्ट सांगा आणि बातमीदार बापापुढे उभा राहतो तिथे थांबा. मग मुलांना विचारा, की तुम्ही त्याच्या जागी असता तर किती मागितले असते? कोणी दहा हजार म्हणेल, कोणी काहीच नको म्हणेल. कोणालाही लगेच चूक ठरवू नका. मुलांना आपसांत वाद घालू द्या; प्रवासखर्च तेवढा का मागितला, याचे उत्तर त्यांच्यातलेच कोणीतरी देईल.