पाहुण्यांच्या नजरेतली निवडणूक

निवडणूक एका देशाची आणि ती पाहायला माणसे येतात परदेशातून, हे ऐकून आपल्याला थोडे नवल वाटते. कार्य घरचे, मग पंगत नीट उठली की नाही हे पाहुण्यांनी कशाला सांगायचे? पण जिथे हरलेला पक्ष निकाल मानायलाच तयार नसतो, तिथे तिऱ्हाइताच्या शब्दाला किंमत येते. ती किती द्यावी, हे केनियाच्या उदाहरणावरून पाहू.

८ ऑगस्ट २०१७ रोजी तिथे अध्यक्षपदासाठी मतदान झाले. मतदान केंद्रे सुमारे ४१ हजार. युरोपीय संघ, आफ्रिकी संघ, राष्ट्रकुल, कार्टर सेंटर अशा संस्थांची पथके हजर होती. निरीक्षकाला मतदान थांबवता येत नाही की चूक दुरुस्त करता येत नाही. त्याने पाहायचे, विचारायचे, टिपून ठेवायचे आणि अहवाल द्यायचा, इतकेच.

मतदान आणि केंद्रांवरची मोजणी यांबद्दल पथकांचे मत एकंदरीत चांगले झाले. युरोपीय संघाचे प्राथमिक निवेदन १० तारखेला निघालेसुद्धा. उहुरू केन्याटा विजयी झाल्याची घोषणा झाली ११ तारखेला! तक्रार असेल त्याने न्यायालयात जावे, असा सल्लाही पाहुण्यांनी दिला होता.

विरोधी उमेदवार रायला ओडिंगा खरोखरच न्यायालयात गेले. १ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध २ मतांनी ती निवडणूक रद्द ठरवली.

मग निरीक्षक खोटे बोलले काय? तसे नव्हे. त्यांनी पंगत पाहिली होती. कोठीघरात शिरणे सोपे नव्हते. केंद्रातला आकडा नैरोबीला पोचतो कसा, या वाटेवर न्यायालयाने बोट ठेवले. निकालपत्रके कायद्याप्रमाणे पाठवलेली नव्हती. काहींवर सुरक्षेच्या खुणा नव्हत्या. आणि हुकूम होऊनही निवडणूक आयोगाने आपली संगणकयंत्रणा पुरती तपासू दिली नाही.

२०२२ च्या निवडणुकीत आयोगाने केंद्राकेंद्राची निकालपत्रके संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली केली. ज्याला वाटेल त्याने बेरीज करून पाहावी! ओडिंगा तेव्हाही हरले, तेव्हाही न्यायालयात गेले. पण या खेपेला निकाल कायम राहिला.

तेव्हा वाचकहो, निरीक्षकांचे प्रशस्तिपत्र वाचताना एवढेच विचारावे : यांनी पाहिले काय, आणि केव्हापर्यंत? पाहुणे चार दिवसांनी परत जातात. मतांचा हिशेब शेवटी घरच्यांनाच ठेवावा लागतो.