अर्ध्या तिकिटाचं माहेर
जवळची माणसं : लेख सहावा

17 मार्च 2023 पासून एसटीच्या सगळ्या गाड्यांना बायकांचं तिकीट निम्म्यावर आलं. योजनेचं नाव महिला सन्मान योजना. तिच्यावर बोलणं झालं ते महामंडळाचा तोटा, गाडीतली गर्दी आणि जागेवरून होणारी भांडणं याच अंगानं. धाडच्या स्टँडवर थोडा वेळ थांबलं तर वेगळीच गोष्ट डोळ्यांत भरते. सण नाही, लगीनसराई नाही, कुणी आजारीही नाही, तरी हातात कापडी पिशवी घेऊन बायका माहेरी निघालेल्या असतात. सकाळची गाडी धरायची, भावाकडे दोन-तीन तास बसायचं, दिवस कलायच्या आत घरी.

धाड हे बुलढाणा तालुक्याचं टोक. पुढे जालना जिल्ह्याचा भोकरदन तालुका लागतो, म्हणजे विदर्भ संपून मराठवाडा सुरू होतो. स्वातंत्र्याआधी अलीकडे इंग्रजांच्या कारभारातला वऱ्हाड होता आणि पलीकडे निजामाचा मुलूख. पलीकडच्या गावांसाठी ‘मोगलाई’ हा शब्द जुन्या माणसांच्या तोंडून आजही ऐकू येतो. राज्यं दोन असली तरी सोयरीक एकच होती. लेकी इकडून तिकडे दिल्या, तिकडून इकडे आणल्या. त्यामुळे या पट्ट्यातल्या कितीतरी बायकांचं माहेर आणि सासर आज दोन वेगळ्या जिल्ह्यांत आहे, आणि दोन्हींत अंतर आहे एका तिकिटाचं.

मागच्या आठवड्यात आपण सासू-सुनेबद्दल बोललो. आज बहीण-भाऊ, आणि शेवटी लग्न ठरलेली किंवा ठरू पाहणारी तरुण मुलं. ही दोन नाती एकाच लेखात का घेतली, असं वाटेल. मला या दोन्हींत एकच गोष्ट दिसते. नातं येण्याजाण्यावर जगतं, आणि भेट महाग झाली की येणंजाणं थांबतं. म्हणून जवळच्या माणसाची भेट स्वस्त ठेवणं हे मी फार मोठं काम मानते.

आधी बहीण-भावाचं. आपल्याकडे हे नातं हळूहळू सणांवर नेऊन ठेवलं गेलं. राखी, भाऊबीज, घरातली लग्नं, वास्तुशांत, बारसं, तेरवी. यातल्या प्रत्येक भेटीला देणंघेणं चिकटलेलं आहे. बहीण आली की साडीचोळी, पाव्हण्याला टॉवेल-टोपी, लेकरांच्या हातावर नोटा; भाचीचं लग्न निघालं की मामाचा आहेर, आणि त्या आहेरावर अख्ख्या भावकीची नजर. ज्या वर्षी सोयाबीनला भाव नाही, कापूस पावसात भिजला, त्या वर्षी भाऊ मनातून बहिणीला टाळतो. तिचं येणं त्याला नको असतं असं नाही. रिकाम्या हातानं तिला वाटं लावायची त्याला लाज वाटते. बहिणीलाही ते कळतं. मग तीच म्हणते, ‘यंदा जमत नाही रे, लेकरांची शाळा आहे.’ दोघंही एकमेकांना जपायला जातात आणि वर्ष सरतं. अशी तीन-चार वर्षं गेली की बोलण्यातला मोकळेपणा आटतो, आणि तेव्हा कुठे लोकांच्या लक्षात येतं की या दोघांचं काहीतरी बिनसलंय. बिनसलेलं काहीच नसतं. फक्त भेट महाग झालेली असते.

अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी 2018 साली माणसं मित्र कशी होतात याचा अभ्यास मांडला. नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण 50 तासांचा सहवास लागतो आणि जिवलग मैत्री व्हायला 200 तासांहून जास्त, असा त्यांचा अंदाज आहे. तो अभ्यास मैत्रीचा होता, रक्ताच्या नात्याचा नव्हता. तरी त्यात जे मोजलं ते आपल्या कामाचं आहे : तास. भाऊबीजेच्या गडबडीत ओवाळणं, जेवण, फोटो आणि परतीची गाडी यांत भावाबहिणीला एकमेकांशी बोलायला अर्धा तासही मिळत नाही. सण नसलेल्या दिवशी मात्र दोन तास सहज मिळतात.

त्या दोन तासांत काय होतं ते जवळून बघण्यासारखं असतं. समजा, मिरचीचा हंगाम आहे. भोकरदन तालुक्यातलं पिंपळगाव रेणुकाई हे हिरव्या मिरचीचं नावाजलेलं मार्केट इथून जवळ, त्यामुळे या भागात शेताशेतांत तोडणी चालू असते. बहीण घरी येते तर भावजय शेतात. मग ती चहा पिऊन तडक शेताकडे निघते. भावजय म्हणते, ‘बसा ना बाई, तुम्ही काऊन हात तिखट करता?’ तरी ती ओचा बांधून मिरचीच्या ओळीत शिरतेच. दोघी शेजारशेजारच्या ओळींत वाकून तोडत असतात, नजर झाडावर असते, आणि घरात समोरासमोर बसून जे कधी निघालं नसतं ते तिथे निघतं. भावाचं कर्ज किती झालं, आईच्या गुडघ्याला डॉक्टर काय म्हणाले, थोरल्या पोराचं चित्त कशात नाही. परत निघताना पिशवीत सेरभर तुरीची डाळ आणि घामेजलेल्या रुमालात बांधलेली मिरची. तिनं येताना आणलेल्या कुरडया मागे राहिलेल्या असतात. या देवाणघेवाणीची नोंद कुठल्या आहेराच्या वहीत होत नाही, म्हणून ती कुणाला जड जात नाही.

आपल्या बायकांनी बिनखर्चाची एक रीत फार पूर्वीपासून धरून ठेवली आहे. नागपंचमीच्या आदल्या दिवशी, नागचतुर्थीला, भावासाठी उपास. भाऊ जवळ असो की दूर, बोलत असो की नसो, त्याला निरोप द्यायची गरज नाही आणि त्याच्याकडून काही यायचं नसतं. मला वाटतं, त्या दिवशी भावानं एक करावं. आज तू माझ्यासाठी उपाशी आहेस हे मला ठाऊक आहे, एवढं फोन करून बहिणीला सांगावं. राखीला हजाराची साडी देऊन जे होत नाही ते या फोननं होईल.

आता अवघड भाग. भेट स्वस्त ठेवायची तर जिथे खरोखर मोठा पैसा गुंतलाय तो विषय भेटीपासून वेगळा करून कागदावर आणावा लागतो. आपल्याकडे तो विषय म्हणजे जमीन.

1956 च्या हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित एकत्र मिळकतीवर जन्मानं हक्क फक्त मुलाला होता. महाराष्ट्रानं 1994 साली कायद्यात दुरुस्ती करून मुलीलाही तो दिला, पण तेव्हा ज्यांची लग्नं झालेली होती त्या बाहेर राहिल्या. 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राच्या दुरुस्तीनं लग्नाची ती अट गेली. तरी वाद राहिलाच, की त्या तारखेला बाप हयात नसेल तर काय? 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तो मिटवला : मुलीचा हक्क जन्मानं आहे, बाप त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही. 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र कायम राहिल्या.

कायदा असा सरळ आहे. घरात मात्र गोष्ट वेगळी घडते. बाप जातो, वारसनोंद होते, सातबाऱ्यावर भावांसोबत बहिणींची नावं चढतात, आणि तेरवीचे पाव्हणे पांगायच्या आत कुणीतरी विषय काढतं : हक्कसोड कधी करायची? बहीण रडून रडून थकलेली असते. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात तिला नेतात, अंगठा मशीनवर ठेवायला सांगतात, फोटो निघतो. त्या कागदात काय लिहिलंय हे तिला कुणी वाचून दाखवत नाही. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र रद्द करायचं तर कोर्टाची पायरी चढावी लागते, हेही तिला कुणी सांगत नाही. सही करून आलेली बहीण वरवर म्हणते, ‘मला काय करायची जमीन, माझं माहेर राहू दे.’ माहेर टिकवायची किंमत म्हणून तिनं वाटा सोडलेला असतो. पुढे त्या माहेरात पाणी विचारायला उशीर झाला तरी तो तिला टोचतो.

भावाची बाजूही खोटी नाही. पीककर्ज काढायचं तर बँक सगळ्या सहहिस्सेदारांची संमती मागते. पेरणी तोंडावर असते आणि एक बहीण सिल्लोडला, दुसरी पुण्याला. त्याला घाई असते ती खरीच. पण त्या घाईला हक्कसोड हे एकच उत्तर नाही. बँकेपुरतं संमतीपत्र बहीण देऊ शकते आणि तिचं नाव सातबाऱ्यावर तसंच राहू शकतं. तिनं खरोखर मनानं वाटा सोडायचा ठरवला, तर तो तिचा अधिकार. फक्त तो शोकाच्या दिवसांत मागू नये. वर्षश्राद्ध होईपर्यंत सहीचा विषयच काढायचा नाही, असं ज्या घरात ठरेल तिथल्या बहिणी पुढे माहेरी ताठ मानेनं येतील. आणि विषय काढायचा तो भावानं स्वतः, बहिणीच्या घरी जाऊन, कागद तिच्या हातात देऊन. तिच्या लेकीला किंवा सुनेला तो मोठ्यानं वाचू द्यावा. ती नाही म्हणाली तर जेवून उठावं आणि पुढच्या महिन्यात पुन्हा यावं, जमिनीचा विषय न काढता. असं जो भाऊ करतो त्याला मी मोठा माणूस मानते.

आता तरुण मुलांकडे येऊ. धाड-बुलढाण्याकडच्या मुलामुलींना एकमेकांना भेटायला जागा नाही आणि पैसाही नाही. ज्यांचं ठरलेलं नाही त्यांनी उघड भेटायचं म्हणजे मुलीनं फार मोठा धोका पत्करायचा, हे लपवण्यात अर्थ नाही. ज्यांचा साखरपुडा झालाय त्यांना थोडी मोकळीक असते, पण तिथे खर्च धावून येतो. वाढदिवसाला मोबाइल, केक, शहरातल्या कॅफेचं बिल, आणि आता प्री-वेडिंगचं शूटिंग. वाळूजच्या कारखान्यात कंत्राटावर लागलेला पोरगा हप्त्यावर फोन घेऊन होणाऱ्या बायकोला देतो, आणि लग्नानंतर ते हप्ते दोघं मिळून फेडतात. एवढं करूनही एकमेकांशी ते किती तास बोललेले असतात?

बोलायला स्वस्त जागा हवी तर अजिंठा इथून दिवसात जाऊन येण्यासारखं. एसटीनं फर्दापूरचा फाटा गाठायचा, तिथून लेण्यांपर्यंत वेगळी बस, लेण्यांचं तिकीट माणशी 40 रुपये. सोमवारी लेणी बंद असतात, तेवढं लक्षात ठेवायचं. सोबत दोन्हीकडची दोन-चार भावंडं घ्यावीत, घरचेही निश्चिंत राहतात. डबा घरचा. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी बघताना जे बोलणं होईल ते होऊ द्या, पण खाली वाघूरच्या काठी बसल्यावर कामाचं विचारा. कर्ज किती आहे? जमीन किती आणि कुणाच्या नावावर? माझी नोकरी लागली तर चालेल ना? तुझ्या आईचं दुखणंखुपणं कोण बघणार? माझ्या आईचं कोण बघणार? ही बोलणी कॅफेत दहा मिनिटांत होत नाहीत, त्यांना अख्खा दिवस आणि चालणं लागतं.

अमेरिकेतल्याच एमरी विद्यापीठातल्या दोन अर्थतज्ज्ञांनी 2014 साली तीन हजारांहून जास्त विवाहितांची माहिती तपासली. अंगठीवर आणि लग्नसोहळ्यावर जास्त खर्च झाला तिथे लग्न मोडण्याचा संभव अधिक दिसला. लग्नाला माणसं जास्त आली तिथे तो कमी. एकानं दुसरं घडतं असं त्यावरून ठामपणे म्हणता येत नाही, शिवाय तो समाज वेगळा. पण हे वाचताना मला 25 डिसेंबर 1873 आठवतो. त्या दिवशी जोतिराव आणि सावित्रीबाईंच्या पुढाकारानं पहिला सत्यशोधक विवाह लागला, तोही अगदी थोडक्या खर्चात. नवराबायकोनं एकमेकांना काय वचन द्यायचं हे त्या विधीत महत्त्वाचं होतं.

त्या विचाराचा एक धागा थेट बुलढाण्याला येतो. ताराबाई शिंदे इथल्याच. वडील बापूजी हरी शिंदे सत्यशोधक समाजाचे. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर 1881 साली बालहत्येचा खटला झाला आणि वर्तमानपत्रं बायकांच्या जातीलाच नावं ठेवू लागली. त्यावर ताराबाईंनी 1882 साली ‘स्त्री पुरुष तुलना’ लिहिली. पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात ती छापली गेली. ज्या दोषांसाठी बाईला बोल लावता तेच पुरुषात नाहीत काय, हा त्यांचा सवाल. आपल्याच माणसांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली, तेव्हा जोतिराव त्यांच्या बाजूनं उभे राहिले. साखरपुडा झालेल्या मुलीला घड्याळ देण्याऐवजी हे छोटं पुस्तक द्यावं आणि दोघांनी मिळून वाचावं, असं मी मनापासून सुचवते. भांडण होईल कदाचित. लग्नाआधी झालेलं बरं.

पुढच्या आठवड्यात भाऊ-भाऊ आणि त्यांच्यातला बांध. सामायिक विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या लिहून कशा ठेवाव्यात, आणि बारा वर्षं एकमेकांच्या ताब्यात राहिलेली शेतं नावावर करून घ्यायला 2023 ची सलोखा योजना कुठे उपयोगी पडते, ते त्या लेखात.