वखारीवरील सिमेंटचे पत्रे उतरविताना

सिंहस्थ २०२८ साली भरावयाचा आहे. त्या निमित्ताने उज्जैनीत रस्ते रुंद होत आहेत, जुन्या वखारी पाडल्या जात आहेत, आणि आमच्या पुष्कळ व्यापारी बंधूंच्या डोक्यावरचे करडे सिमेंटचे पत्रे आता खाली येऊ लागले आहेत. या पत्र्यांत, बळकटी यावी म्हणून, ॲस्बेस्टॉस या खनिजाचे तंतू मिसळलेले असतात. पत्रा धड असेपर्यंत ते आत घट्ट बसून राहतात. तो फोडला, कापला वा घासला, की डोळ्यांस न दिसणारी धूळ होऊन फुप्फुसांत जातात. त्यातून उद्भवणारा कर्करोग प्रकट होण्यास वीस ते चाळीस वर्षेही लागतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली या धंद्यातील कामगारांच्या प्रकृतीची नोंद किमान चाळीस वर्षे ठेवण्याचा आदेश दिला, तो याच कारणाने.

आम्हांस हे फार उशिरा उमगले. काही वर्षांपूर्वी आमच्या वखारीचे छप्पर बदलताना ठेकेदाराने घणाने पत्रे फोडून खाली पाडले. आत हरभऱ्याची पोती होती. हमालांनी धूळ झाडूने लोटली, बारदाने झटकली, आणि तुकडे अंगणातील चिखलात भरावास घातले. काम एका दिवसात उरकले म्हणून आम्ही खूषही झालो! त्यांपैकी दोघे हमाल आजही आमच्याकडे आहेत. त्यांना मध्यंतरी डॉक्टरांकडे नेले, तेव्हा पत्र्यांची हकीकत आम्ही आवर्जून सांगितली.

वास्तविक पत्रा धड असेल तर त्यास हात न लावणे उत्तम. शेवाळ खरवडण्याच्या भरीसही पडू नये. उतरविणे भागच असेल तर माहितगार माणसे बोलवावीत, माल आधी हलवावा, आणि पत्रे पाण्याच्या बारीक फवाऱ्याने ओले करावेत. बोल्ट फिरवून काढावेत. गंजले असल्यास बोल्ट कापावा, पत्रा कापू नये. जुना पत्रा माणसाचे वजन पेलत नाही, यास्तव पाय फळीवरच ठेवावा. पत्रा अखंडच खाली द्यावा, फेकू नये. तोंडास रुमाल बांधून भागत नाही; चेहऱ्यास घट्ट बसणारा, एफएफपी-३ प्रतीचा मास्क हवा. धूळ ओल्या फडक्याने पुसावी, झाडू वर्ज्य. कामाचे कपडे कोणी घरी नेऊ नयेत, कारण ते धुणाऱ्या बायकांनाही हा रोग जडल्याची उदाहरणे परदेशांत आहेत.

उतरविलेले पत्रे जाड प्लॅस्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून त्यावर काय आहे ते लिहावे. भंगारवाल्यास देऊ नयेत, गोठ्यासाठी कोणास फुकटही देऊ नयेत. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रादेशिक कार्यालय उज्जैनीतच आहे. तेथे आधी विचारावे. घातक कचरा पुरण्याची जागा पीथमपूर येथे आहे. वाहतुकीचा खर्च पडतो खरा, परंतु तो नव्या छपराच्या अंदाजपत्रकातच धरावा.

भरावाची गोष्ट तर विशेष ध्यानात ठेवावी. कटनी जिल्ह्यातील कैमोर येथे, जेथे १९३४ पासून हे पत्रे होत आले, तेथे बाहेर टाकलेल्या कचऱ्यामुळे लोकवस्तीची जमीनच दूषित झाली. आमच्या अंगणातील तुकडे आम्ही उकरले नाहीत. त्यावर काँक्रीट घातले, आणि ती जागा नकाशात दाखवून तो नकाशा वखारीच्या कागदपत्रांत मुलांसाठी ठेवला आहे.