सभासदाचं एक मत: सहकारी साखर कारखानदारीचा मागोवा

भंडारदऱ्याच्या पाण्यावर प्रवरेकाठी ऊस उभा राहिला, पण पैसा शेतकऱ्याच्या हाती टिकत नव्हता. गुळाचा भाव व्यापारी ठरवायचे, साखर खासगी कारखानदारांची. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांच्या सहकारी साखर कारखान्यासाठी गावोगाव फिरून शेअर गोळा केले. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ पहिले अध्यक्ष झाले, मुंबई राज्याचे अर्थमंत्री वैकुंठभाई मेहता पाठीशी उभे राहिले आणि १९५०-५१ च्या हंगामात या प्रवरा कारखान्याचं पहिलं गाळप झालं.

या कारखान्याची घडण नीट समजून घ्यायला हवी. शेअर घेतला की शेतकरी सभासद होतो, पण मत शेअरला नसतं, माणसाला असतं. दोन एकरवाला आणि पन्नास एकरवाला, दोघांनाही एकच मत. लाभांशावरही कायद्याने १५ टक्क्यांची मर्यादा आहे. म्हणजे नुसते शेअर धरून कोणी श्रीमंत होत नाही. सभासदाची खरी कमाई उसाच्या दरात, ज्याने जितका ऊस घातला त्या प्रमाणात. मालक आणि माल देणारा एकच, हे या व्यवस्थेचं सगळ्यात मोठं बळ होतं. उसाच्या बिलातून कापलेल्या ठेवींनी कारखाने वाढले, त्यांच्याभोवती शाळा, महाविद्यालयं, दवाखाने उभे राहिले.

१९६० च्या सहकार कायद्यानंतर राज्यभर कारखाने निघाले. सरकारने भागभांडवल दिलं, कर्जाला हमी दिली. त्यावाचून इतके कारखाने उभे राहिले नसते. पण सरकारी मदतीच्या याच वाटेने चेअरमनची खुर्ची आमदारकीची पायरी झाली. सर्वसाधारण सभेत विषय वाचायचा अवकाश, ‘मंजूर, मंजूर’ असा गजर व्हायचा. प्रश्न विचारणाऱ्याच्या उसाला तोड उशिरा मिळते, ही भीती गावोगाव मुरली. माझ्या मते सहकाराचं सर्वांत मोठं नुकसान या भीतीने केलं. पुढे कर्जं थकली, कितीतरी कारखाने लिलावात खासगी हातांत गेले आणि २०११ मध्ये त्यांना कर्ज देणाऱ्या राज्य सहकारी बँकेवरच प्रशासक आले.

आणखी एक उणीव पहिल्यापासूनची. बीडकडून कोयता घेऊन येणारा ऊसतोड कामगार मुकादमाच्या उचलीत अडकलेला राहिला. त्याच्या घामावर कारखाने चालले, पण त्या मालकीत त्याला वाटा कधीच मिळाला नाही.

तरीही सभासदाच्या त्या एका मताला पर्याय नाही. खासगी कारखान्यालाही १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, द्यावीच लागते, पण त्याचा संचालक बदलायचा अधिकार ऊस उत्पादकाला नसतो. सहकारी कारखान्याच्या सभासदाला तो आजही आहे. तुम्ही सभासद असाल, तर सप्टेंबरअखेरच्या वार्षिक सभेआधी अहवाल मागून घ्या, कर्जाचं आणि तोडणी-वाहतूक खर्चाचं पान वाचा आणि सभेत उभं राहून विचारा.