पाऊण तासाचे गाव

नाक्यावरच्या अधिकाऱ्याने माझी बारा लिंबे, किलोभर टोमॅटो, बटाटे आणि मधाची बाटली काढून घेतली. हिंगाच्या डबीचा वास घेऊन ती मात्र त्याने मुकाट्याने परत ठेवली.

"आई, ही दुसऱ्या राज्याची हद्द आहे," मुलगा म्हणाला. "फळमाशी आणि झाडांचे रोग पलीकडे जाऊ नयेत म्हणून हे करतात." म्हणजे जकात नाक्यासारखेच. फरक इतकाच की इथे पैसे देऊन सुटका नाही!

मुलगा पर्थला असतो. त्याने ॲडलेडला एक जुनी कॅरॅव्हन विकत घेतली आणि ती मोटारीमागे जोडून आम्हां दोघांसह घरी निघाला. अंतर सुमारे २,७०० किलोमीटर. कॅरॅव्हन म्हणजे चाकांवरचे बिऱ्हाडच म्हणा ना! निजायला फळ्या, दोन चुलींची शेगडी आणि मोरीएवढे मोरीचे नाव. ती घेण्यामागचा मुलाचा खरा हेतू मला ठाऊक होता. "बाबा पर्थला आल्यापासून नुसते खिडकीत बसून असतात," असे तो मला दोनदा बोलला होता.

आमच्या ह्यांनी १९६८ पासून तारखात्यात नोकरी केली. उमेदवारीची वर्षे मोर्सच्या कडकट्टात गेली. निवृत्तीनंतरही ते बरे होते. पण २०१३ च्या जुलैत आपल्याकडची तारसेवा बंद झाली आणि ह्यांचे बोलणेच आटले. "आपण शिकलो ते आता कुणाच्याच कामाचे नाही," एवढेच एकदा म्हणाले.

नाका ओलांडून बारा किलोमीटरवर युक्ला लागते. पेट्रोलपंप, मोटेल, पोलीसचौकी आणि मोजकी घरे. मोटेलच्या आवारातच कॅरॅव्हन उभी करायची सोय आहे. मी घड्याळ पाहिले तर भिंतीवरचे घड्याळ पाऊण तास मागे! ॲडलेडच्या मागे पाऊण तास आणि पर्थच्या पुढे पाऊण तास, अशी ह्या चारदोन वस्त्यांची स्वतःची वेळ आहे. सरकारदरबारी तिची नोंद नाही, पण रस्त्यावर तिच्या पाट्या आहेत आणि सगळे ती पाळतात.

इथे माझी एक चूक उघडकीला आली. पुण्याच्या सवयीने मी दोन दिवस भांडी वाहत्या नळाखाली विसळत होते. टाकीत आता तळाशीच पाणी उरले होते. ह्या नलारबोर पठारावर, म्हणजे लॅटिनमध्ये 'झाड नाही' अशा मुलखात, जमीन सगळी चुनखडीची. पडलेला पाऊस खाली झिरपून जातो. नदी म्हणून नाही. त्यामुळे वाटेतले पंपवाले टाकी भरून देत नाहीत. मुलाने पिण्याचे दोन कॅन वेगळे ठेवले होते म्हणून बरे! मुलगा काही बोलला नाही; त्याचे न बोलणेच मला जास्त लागले.

शेजारच्या कॅरॅव्हनमधल्या बाई आल्या. पेन्शनीत निघालेले जोडपे, पर्थकडून पूर्वेला चाललेले. भांडी आधी कागदाने पुसायची आणि मग कपभर पाण्यात धुवायची, हे त्यांनीच मला करून दाखवले. वर ओंजळभर टोमॅटो आणि चार लिंबे दिली. सेडूनाच्या नाक्यावर त्यांचीही फळे काढून घेणारच होते! त्या रात्री खिचडी आणि टोमॅटोचे सार झाले. सार त्यांच्याकडेही गेले. साहेबांनी दोनदा मागून घेतले.

तत्पूर्वी संध्याकाळी मात्र आम्ही खाली समुद्राकडे गेलो होतो. चारेक किलोमीटरवर वाळूत बुडालेल्या दगडी भिंती आहेत. मुलगा पाटी वाचू लागला: "१८७७ साली सुरू झालेले तार ऑफिस..."

हे थबकले. "काय म्हणालास?"

पर्थकडची तार आणि ॲडलेडकडची तार इथे येऊन मिळत असे. दोन वसाहतींचे तारबाबू एकाच लांब टेबलाच्या दोन बाजूंना बसत. मध्ये पडदी. इकडच्याने संदेश उतरवून घ्यायचा, पडदीच्या झरोक्यातून तिकडे द्यायचा आणि तिकडच्याने तो पुन्हा वाजवायचा. कारण दोघांचे मोर्स वेगळे! पूर्वेकडे अमेरिकन पद्धत, पश्चिमेकडे आंतरराष्ट्रीय.

"आमची आंतरराष्ट्रीय," हे म्हणाले. मग खाली वाकून त्यांनी एक गारगोटी उचलली आणि भिंतीवर वाजवू लागले. "हे बघ, युक्ला. ई, यू आणि ए दोघांचे सारखेच. पण सी वेगळा आणि एलही वेगळा. आमचा एल डॉट-डॅश-डॉट-डॉट, त्यांचा एल नुसता एक लांब डॅश. गावाचे नाव घ्यायचे म्हटले तरी पाचांतली दोन अक्षरे अडणार!"

वर्षभरात ते एका दमात इतके बोलले नव्हते. मुलगा हातातला कॅमेरा विसरून ऐकत होता. १८९० च्या दशकात सशांनी टेकाडांवरची झुडपे खाल्ली, वाळू मोकळी झाली आणि गावावर चालून आली. १९२७ साली हे ऑफिस बंद झाले, हे सगळे पुढे पाटीवर होते. ते ह्यांनी स्वतःच वाचले. दोनदा वाचले. चष्मा पुसला आणि म्हणाले, "पन्नास वर्षे चालले. वाईट नाही."

अंधार पडेपर्यंत ते त्या भिंतीला टेकून होते. वारा बोचरा होता, मी शाल दिली ती घेतली, पण उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी कैगूना आले. ते मागे पडताच घड्याळे आणखी पाऊण तास मागे केली. तिथून पुढे १४६ किलोमीटर रस्त्याला एकही वळण नाही. मुलगा एका हाताने चाक धरून दुसऱ्याने डॅशबोर्डवर टकटक करीत होता.

"चुकलास," मागून हे म्हणाले. "तो एल नव्हे, एफ झाला. पुन्हा वाजव."