फ्लोरिनची हमाली

टायटॅनियमचा तुकडा ७०० अंश सेल्सिअसवर हवेत बराच वेळ तापवा. मग तो आडवा कापून, घासून चकचकीत करून, आम्लाचा हलका हात देऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरा. कडेकडेने एक पांढुरका पट्टा दिसतो. याला ‘अल्फा केस’ म्हणतात, आणि या धातूशी रोज काम करणारे त्याच्या नावाने बोटं मोडतात. पट्टा कडक, पण ठिसूळ. तुकडा वाकवला की पहिली भेग तिथेच पडते.

हा पट्टा घडतो हवेतल्या ऑक्सिजनमुळे. गंमत म्हणजे एरवी ऑक्सिजनच टायटॅनियमला सांभाळतो. अंगावर धरलेला काही नॅनोमीटरचा ऑक्साइडचा पापुद्रा, आणि तेवढ्यावर हा धातू समुद्राच्या पाण्यालाही दाद देत नाही. पण ६०० अंशांच्या पुढे पापुद्र्याचा धाक संपतो. ऑक्सिजन आत शिरून धातूत चक्क विरघळतो, तोही टायटॅनियमच्या दर दोन अणूंमागे एक मावेल इतका! म्हणून तर १६६८ अंशांना वितळणाऱ्या या धातूचे नेहमीचे मिश्रधातू जेट इंजिनात ६०० अंशांच्या आसपासच थांबतात.

यावर वरून लेप द्यायचे प्रयत्न पुष्कळ झाले. पण लेप आणि धातू तापल्यावर सारखे फुगत नाहीत, लेप तडकतो, आणि त्याचा तडा धातूत उतरतो.

मग धातूनेच आपलं कवच घडवलं तर? ॲल्युमिनियमचा ऑक्साइड घट्ट असतो, अगदी सावकाश वाढतो. टायटॅनियम ॲल्युमिनाइड या मिश्रधातूत जवळजवळ निम्मे अणू ॲल्युमिनियमचे असतात. बोइंग ७८७ च्या जीईएनएक्स इंजिनात टर्बाइनच्या शेवटच्या रांगांतली पाती याचीच आहेत, निकेलच्या पात्यांच्या जेमतेम निम्म्या वजनाची. पण ८००-९०० अंशांवर हाही फसतो. ऑक्सिजनची ओढ दोन्ही धातूंना जवळपास सारखीच, त्यामुळे दोन्ही ऑक्साइडांची खिचडी तयार होते, भराभर वाढते आणि पोपडे धरून गळते.

इथे येतो फ्लोरिन. फ्रँकफर्टच्या डेकेमा संशोधन संस्थेत मिखाएल श्युत्से आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या करामतीचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. पृष्ठभागात अगदी थोडा फ्लोरिन मुरवायचा: आयनांचा मारा करून, पातळ हायड्रोफ्लोरिक आम्लात बुडवून किंवा फवारून. तापल्यावर तो ॲल्युमिनियमला हेरतो, कारण त्या तापमानाला ॲल्युमिनियमचं वायुरूप फ्लोराइड टायटॅनियमच्या फ्लोराइडपेक्षा कितीतरी सहज तयार होतं. हा वायू बारीक छिद्रांतून वर चढतो. वर ऑक्सिजन भेटला की ॲल्युमिनियम तिथेच ऑक्साइड होऊन बसतो, आणि मोकळा झालेला फ्लोरिन पुढची खेप आणायला पुन्हा खाली उतरतो. अशा खेपा होत होत ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचं सलग, पातळ कवच उभं राहतं. हमाल मात्र पुरता खर्ची पडत नाही. काही फ्लोरिन धातू आणि कवचाच्या सांध्यापाशी टिकून राहतो.

मला थक्क करते ती मात्रा. फ्लोरिन कमी पडला तर काहीच घडत नाही, जास्त झाला तर धातूच खाल्ला जातो. आणि अल्फा केस खरवडून काढायलाही हेच हायड्रोफ्लोरिक आम्ल, नायट्रिक आम्लात मिसळून, वापरतात!

टायटॅनियमच्या साध्या मिश्रधातूंना मात्र ही युक्ती थेट लागू पडत नाही. सर्वाधिक खपाच्या मिश्रधातूत ॲल्युमिनियम वजनाने अवघा ६ टक्के, म्हणजे वाहायला मालच नाही. तिथे आधी पृष्ठभागात ॲल्युमिनियम मुरवावा लागतो, मग फ्लोरिन.